संगीताचा जमाखर्च

युरोप आणि अमेरिका यांपैकीं संगीताच्या संस्कृतीला अधिक देणगी कोणाची, असा प्रश्न वादविवाद-मंडळांत निघाला, म्हणजे सभेचे सरळ दोन तट पडतात. एक पक्ष बाख, मोझार्ट, बीथोवेन यांचीं नांवें घेऊन युरोपचा जयजयकार करतो. दुसरा जाझ, ग्रामोफोन आणि चित्रपट-संगीत पुढें करून अमेरिकेची बाजू लढवितो. मी गवई नाहीं, केवळ ऐकणारा आहें. तरी या वादाचा निकाल आपल्यापुरता लावून पाहावा, असें मला वाटलें. म्हणून मीं वाण्याच्या चोपडीप्रमाणें एका पानाच्या मधोमध रेघ मारली आणि दोन्ही बाजूंचा जमाखर्च मांडावयास घेतला. तो कसा निघाला, तें वाचकांपुढें ठेवितों.

युरोपची बाजू भरावयास वेळ लागला नाहीं. अकराव्या शतकांत इटलींतील ग्विदो द'अरेझ्झो या भिक्षूनें रेघांवर स्वर मांडण्याची रीत पक्की केली. या एका युक्तीमुळें गाणें गुरूच्या गळ्यावरच अवलंबून राहिलें नाहीं. ज्यानें तें कधीं ऐकिलें नाहीं, त्यालाही कागदावरून गातां येऊं लागलें. अनेक गळे एकाच वेळीं निरनिराळे स्वर काढीत असतां त्यांचा मेळ कसा राखावा, हें शास्त्रही त्या कागदाच्या आधारानेंच वाढलें. इ. स. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यानें पियानो बनविला. १८२४ सालीं व्हिएन्ना येथें बीथोवेनची नववी सिंफनी प्रथम वाजली, तेव्हां तिच्या कर्त्याला ऐकूं येईनासें झालें होतें. कानांना न ऐकूं येणारें संगीत कागदावर रचतां यावें, याहून स्वरलेखनाचें मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें?

अमेरिकेची बाजू लिहावयास घेतली, आणि घोटाळा सुरू झाला. पहिली बाब ध्वनिमुद्रणाची. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ केला, हें खरें; पण १८८७ सालीं चपट्या तबकडीचा ग्रामोफोन काढणारा एमिल बर्लिनर हा जन्मानें जर्मनींतील हानोव्हरचा. दुसरी बाब जाझची. त्याचें जन्मस्थान न्यू ऑर्लिअन्स. परंतु त्याचा लाडका सॅक्सोफोन आडोल्फ साक्स या बेल्जियन कारागिराचा, आणि त्याचें पेटंट १८४६ सालचें, पॅरिसचें. उलट, युरोपच्या बाजूस लिहिलेला पियानोही तेथें स्वस्थ बसेना. शेंकडों तारांचा ताण सोसणारा जो अखंड ओतीव लोखंडी सांगाडा आज त्याच्या पोटांत असतो, त्याचें पेटंट बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉकनें १८२५ सालीं घेतलें. एकेक बाब रेघ ओलांडून पलीकडे जाऊं लागली.

सर्वांत अधिक अडलों तो एका सिंफनीपाशीं. आंतोनिन द्वोर्झाक हा बोहेमियांतील एका खाटिकाचा मुलगा. जीनेट थर्बर या बाईंनीं स्थापिलेल्या राष्ट्रीय संगीत विद्यालयाचा प्रमुख म्हणून तो १८९२ सालीं न्यूयॉर्कला आला. अमेरिकेला तिचें स्वतःचें संगीत घडविण्याची वाट त्यानें दाखवावी, अशी अपेक्षा होती. या विद्यालयाचे दरवाजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनाही उघडे होते. त्या काळीं ही गोष्ट विरळा. तेथें हॅरी बर्ली नांवाचा एक तरुण शिकत होता. त्याचे आजोबा हॅमिल्टन वॉटर्स हे एके काळीं गुलाम होते, आणि त्यांची दृष्टि गेलेली होती. गुलामांचीं भक्तिगीतें नातवानें त्यांच्याच तोंडून ऐकिलीं होतीं. तीं तो द्वोर्झाकच्या घरीं जाऊन त्याला गाऊन दाखवी, आणि द्वोर्झाक तीं मन लावून ऐके. १८९३ सालीं त्यानें एका वर्तमानपत्रांतून निक्षून सांगितलें कीं, अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया या कृष्णवर्णीयांच्या गीतांवरच घातला पाहिजे. शिकवावयास आलेला माणूस शिकावयास बसला!

त्याच वर्षीं १६ डिसेंबरला कार्नेगी हॉलमध्यें त्याची 'नव्या जगांतून' ही सिंफनी वाजली. तिच्या दुसऱ्या भागांतील संथ सुरावट मीं अनेकदां ऐकिली आहे. इंग्लिश हॉर्न या फुंकून वाजविण्याच्या वाद्यांतून ती निघते. आणि दिवेलागणीच्या वेळीं लांबच्या वाटेनें कोणी एकटाच घरीं परतत असावा, असें वाटून प्रत्येक वेळीं माझें मन भरून येतें. पुष्कळ लोक तिला गुलामांचें जुनें गीत समजतात. वस्तुतः ती द्वोर्झाकची स्वतःची रचना. तिला शब्द जोडले ते त्याचा अमेरिकन शिष्य विल्यम आर्म्स फिशर यानें, १९२२ सालीं. आतां ही सिंफनी कोणत्या बाजूस लिहावी? रचणारा बोहेमियाचा, घाट युरोपचा, प्रेरणा गुलामांच्या गीतांची, आणि जन्म न्यूयॉर्कचा!

येथें मला एक गोष्ट स्पष्ट दिसूं लागली. देणगी ज्याच्या नांवावर जमा होते, तो आणि ती प्रत्यक्ष देणारा, हे एकच असतात असें नाहीं. अमेरिकेच्या नांवावर जी मोठी रक्कम जमा आहे, ती ज्यांनीं भरली, त्यांना त्या देशानें फार काळ माणूस म्हणून मोजलेंच नाहीं. गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली. १८७१ सालीं नॅशव्हिलच्या फिस्क विद्यालयाचे ९ विद्यार्थी, बहुतेक गुलामगिरींत जन्मलेले, शाळेचें कर्ज फेडण्यासाठीं गात गांवोगांव निघाले. वाटेंत अनेक ठिकाणीं त्यांना उतरावयास जागा मिळाली नाहीं. पुढें १८७३ सालीं इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीनें त्यांचें गाणें ऐकिलें, आणि त्यांच्या मिळकतींतून शाळेची 'ज्युबिली हॉल' ही इमारत उभी राहिली. मॅरियन अँडरसन या गायिकेची कीर्ति युरोपांत दुमदुमली असतां, १९३९ सालीं तिच्याच देशाच्या राजधानींत केवळ वर्णामुळें तिला एक मोठें सभागृह नाकारण्यांत आलें. तेव्हां ९ एप्रिल रोजीं ती लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून गाइली, आणि उघड्यावर सुमारें ७५,००० लोकांनीं तिला ऐकिलें. याबद्दल युरोपनेंही हात झटकूं नयेत. त्या लोकांच्या पूर्वजांना आफ्रिकेंतून नेणारीं गलबतें पुष्कळशीं युरोपचींच होतीं.

या दोन्ही देणग्या आपल्या दाराशींही येऊन पोंचल्या. गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवीत. ती विद्या युरोपची. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत अमेरिकेचे कृष्णवर्णीय वादक जाझ वाजवूं लागले, आणि त्यांचें ऐकून गोमंतकीय वादकांनीं तें आत्मसात केलें. यांपैकीं पुष्कळ मंडळी पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आली. १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांत सी. रामचंद्र यांच्या संगीताला चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकाची साथ लाभली. त्या गाण्यांवर घरोघरीं ताल धरला गेला, तेव्हां त्यांत दोन समुद्रांपलीकडचें देणें मिसळलेलें होतें.

तात्पर्य, माझ्या मतें युरोपनें संगीताला राहावयास घर बांधून दिलें; आणि अमेरिकेंतून त्याला अशा माणसांचा आवाज मिळाला, ज्यांच्यापाशीं आवाजाखेरीज फारसें कांहीं उरलें नव्हतें. रिकामें घर शोभत नाहीं, आणि आसऱ्यावांचून आवाज वाऱ्यावर विरून जातो. बर्लीच्या हातीं हीं दोन्ही एकत्र आलीं. गुलामांचीं गीतें त्यानें स्वरलेखनांत उतरविलीं, त्यांना पियानोची साथ दिली आणि छापून प्रसिद्ध केलीं. त्यानें मांडलेलीं गीतें मॅरियन अँडरसनही गात असे. १९४९ सालीं बर्ली वारला, गीतें राहिलीं.

विद्यार्थिमित्रहो, वादविवादांत खुशाल कोणतीही बाजू घ्या. मात्र बीथोवेनचें नांव घ्याल तेव्हां त्या अंध आजोबांचेंही घ्या. आणि तुमच्या घरीं एखाद्या आजीच्या ओठांवर जात्यावरच्या ओव्या असतील, तर तिच्याजवळ बसून त्या ऐका. पालकहो, मुलांना तेवढी सवड द्या. मुलांनो, त्या ओव्या वहींत नीट उतरून घ्या, आणि खालीं सांगणारीचें नांव लिहावयास विसरूं नका.