तोरणमाळावरील शेवटचा दिवस

पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण मुलांना समजावून सांगण्यांत आमचीं एकतीस वर्षें गेलीं. परंतु ती सर्वांत अधिक आम्हांलाच लागू होती, हें कळावयास निवृत्तीचा दिवस उजाडावा लागला. शहाद्याच्या एका शाळेंत आम्ही मराठी आणि भूगोल हे विषय शिकवीत होतों. घराच्या गच्चीवर उभें राहिलें कीं उत्तरेस सातपुड्याची निळसर रांग दिसे. पावसाळ्यांत ती ढगांआड नाहींशी होई आणि आश्विनांत पुन्हा प्रकट होई. त्या रांगेच्या माथ्यावर, शहाद्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरांवर, सुमारें १,१५० मीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें पावणेचार हजार फूट उंचीवर तोरणमाळ आहे. एवढें थंड हवेचें ठिकाण उशाशीं असतां आम्ही उभयतां काय करीत असूं? उन्हाळ्याच्या सुट्टींत आगगाडीनें दोन दिवस प्रवास करून मसुरीस जावें, तेथील ‘कॅमल्स बॅक’ नांवाच्या वळणदार रस्त्यावरून सकाळ-संध्याकाळ फिरावें, बर्फाचीं शिखरें दिसलीं तर धन्य व्हावें, न दिसलीं तर ढगांना दोष द्यावा, आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना महिनाभर हिमालयाचें वर्णन ऐकवावें!

तोरणमाळास आम्ही कधीं गेलोंच नव्हतों, असें मात्र नाहीं. शाळेच्या सहलींबरोबर चार-पांच वेळां गेलों होतों. परंतु शिक्षकानें पाहिलेलें स्थळ हें न पाहिल्यासारखेंच असतें. मोटारींतून उतरावें, मुलें मोजावीं, गोरखनाथाचें दर्शन घ्यावें, तलावाच्या कांठीं डबे सोडावे, पुन्हा मुलें मोजावीं आणि दिवेलागणीच्या आंत घाट उतरावा, एवढाच तो कार्यक्रम.

निवृत्तीनंतर चिरंजीवांनीं आम्हांला पुण्यास बोलाविलें. शहाद्याचें घर विकलें गेलें, सामानाची बांधाबांध झाली. तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, पुण्यास जायचें तें जाऊंच, पण त्याआधीं चार दिवस तोरणमाळास राहूं. आणि तेथें वाहनांत बसायचें नाहीं. जिथें जाऊं तिथें पायीं.” त्यांचे गुडघे गेलीं दोन वर्षें कुरकुरत होते, म्हणून आम्हीं थोडी कांकूं केली. त्या म्हणाल्या, “म्हणूनच आतां. पुढच्या वर्षीं ते मुळींच ऐकणार नाहींत.”

कार्तिकाच्या उत्तरार्धांत एस. टी. च्या गाडीनें सात पायरीचा घाट चढून आम्ही वर आलों. पहिले तीन दिवस मोठ्या आनंदांत गेले. पहांटे यशवंत तलावावर धुकें असे आणि ऊन वर आलें कीं तें पाण्यावरून हलके हलके सरके. कमळ तलाव पाहिला, नागार्जुनाचें देऊळ पाहिलें, सीताखाईच्या कड्यावर बसून दोन तास खालीं पाहत राहिलों. पावसाळ्यांत तेथें जो धबधबा कोसळतो त्याची आतां बारीक धार झाली होती. पण खोल दरीचा तो निळा अंधार मात्र पावसाळ्यावर अवलंबून नव्हता. गोरखनाथाच्या देवळांत त्या वेळीं आम्हां दोघांखेरीज कोणी नव्हतें. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते, मध्यप्रदेशांतून आणि गुजराथेंतूनही लोक येतात, कित्येक अनवाणी डोंगर चढून येतात, हें आम्ही भूगोलाच्या तासाला सांगत आलों होतों. दक्षिणेस तापी, उत्तरेस नर्मदा आणि मध्यें सातपुडा, हेंही खडूनें फळ्यावर काढून दाखवीत आलों होतों. त्या दोन रेघांच्या मध्यें माणसें कशीं राहतात, हें मात्र आमच्या फळ्यावर कधीं आलें नाहीं.

चौथ्या दिवशीं, म्हणजे शेवटच्या दिवशीं, सकाळीं चहा घेतांना आम्हीं विचारलें, “आज कोठें?” सौभाग्यवती थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “आज त्या मुलाची वाट.”

कोणता मुलगा, हें विचारण्याची आम्हांला गरज नव्हती. १९९८ च्या १ जुलैस धुळें जिल्ह्यापासून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्या वर्षीं आठवीच्या वर्गांत तोरणमाळाच्या पलीकडल्या दरींतील एक पावरा मुलगा होता. तो शहाद्यास वसतिगृहांत राही. भूगोलांत त्याची समज चांगली होती. नव्या जिल्ह्याचा नकाशा आम्हीं भिंतीवर टांगला आणि ज्यानें त्यानें आपलें गांव दाखवावें असें सांगितलें, तेव्हां त्यानें पुष्कळ वेळ शोधून कोऱ्या जागेवर बोट ठेवलें. त्याचा पाडा नकाशावर नव्हता. जूनमध्यें तो घरून आला तेव्हां फडक्यांत बांधून आमच्या घरीं आमचूर घेऊन आला होता. अक्राणीच्या डोंगरांत उन्हाळ्यांत घरोघर कैऱ्या सोलून, फोडी वाळवून आमचूर करतात. तें आमच्या स्वयंपाकघरांत वर्षभर पुरलें.

पुढील वर्षीं होळीला तो घरीं गेला तो नऊ दिवस उशिरा परत आला. डोंगरांत होळी हा सर्वांत मोठा सण. आधीं भोंगऱ्याचे बाजार, मग गांवोगांवच्या होळ्या. आम्हीं भर वर्गांत उशिराचें कारण विचारलें. तो म्हणाला, “सर, वाट लांब आहे.” वर्ग हंसला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीही हंसलों. “तुझी वाट काय काशीहून येते?” असें म्हणून आम्हीं त्याला तासभर दाराबाहेर उभें केलें. वार्षिक परीक्षा त्यानें दिली. जूनमध्यें मात्र तो आला नाहीं. त्यानंतरही कधीं आला नाहीं. घरीं ही हकीकत सांगितली तेव्हां सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, “एकदां त्याची वाट तरी चालून पाहायची होती.” त्यावर आम्हीं मोठ्या तोऱ्यानें उत्तर दिलें होतें, “शाळा वाटेवर चालत नाहीं, घड्याळावर चालते.”

दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आम्ही सात वाजतां निघालों. खडकी पॉइंटाच्या अलीकडून दरीकडे उतरणारी एक पायवाट जेथें उतरलों होतों तेथील रखवालदारानें दाखवून दिली. मुलाचा पाडा नेमका कोणता, हें आम्हांला ठाऊक नव्हतें. तो याच दिशेचा, एवढीच खूण. रखवालदार म्हणाला, अलीकडे कांहीं पाड्यांपर्यंत रस्ते झाले आहेत, कांहींपर्यंत नाहींत. तेथून आजारी माणसाला अजून बांबूला झोळी बांधून खांद्यावरून वर आणतात.

पहिली घटका मजेची गेली. साग, मोह आणि बांबू यांतून वाट उतरत होती. पुढें उतार तीव्र झाला. वाळलेल्या पानांखालीं मुरूम सुटा होता आणि दर पावलास पाय घसरे. सौभाग्यवती काठी टेकीत, कधीं बसून, कधीं आमचा हात धरून उतरत होत्या. आम्हीं दोनदां म्हटलें, “परत फिरूं या.” त्या म्हणाल्या, “चौदा वर्षांचें पोर चढत होतें ना?” त्यानंतर आम्हीं तो विषय काढला नाहीं.

ओढ्याशीं पोहोंचलों तों साडेनऊ झाले होते. तेथून पलीकडे पुन्हा चढ, मग पुन्हा उतार. तेव्हां प्रथम आमच्या ध्यानांत आलें कीं येथें गांव म्हणून जें असतें तें एका ठिकाणीं नसतें. या टेकाडावर एक घर, त्या टेकाडावर दुसरें. प्रत्येकाचें शेत घराभोंवतीं, तेंही इतकें उतरतें कीं उभें राहून कापणी कशी करीत असतील याचें नवल वाटावें. ज्वारी उभी होती. एका घराच्या अंगणांत मक्याचीं कणसें वाळत होतीं. घराच्या भिंती बांबूच्या, सारवलेल्या. एका बाईंनीं आम्हांला पाहून न विचारतांच लोट्यांतून पाणी आणून दिलें. त्यांची पावरी बोली आम्हांला कळेना आणि आमचें पुस्तकी मराठी त्यांना कळेना. एकतीस वर्षें ज्या डोंगरांतील मुलांना आम्ही शिकविलें, त्यांच्या आईशीं बोलण्याइतके चार शब्दही आम्हीं कधीं शिकलों नव्हतों. २०११ च्या जनगणनेप्रमाणें या जिल्ह्यांतील दर शंभरांपैकीं सुमारें ६९ माणसें अनुसूचित जमातींचीं आहेत. आणि आम्ही शिक्षकांच्या खोलींत बसून त्यांना ‘तिकडचीं मुलें’ म्हणत असूं! ‘इकडचे’ आम्हीच थोडे होतों.

त्या बाईंच्या दाराशीं दशम्या सोडल्या. सौभाग्यवतींनीं त्यांतील दोन त्यांच्या लहान मुलीच्या हातांत ठेवल्या. साडेअकरा वाजले होते. रखवालदाराच्या सांगण्याप्रमाणें पुढें आणखी तीन-चार पाडे होते. आम्ही तेथूनच परत फिरलों. म्हणजे त्या मुलाची संपूर्ण वाट आम्हीं शेवटीं चाललोंच नाहीं.

चढ सुरू झाला आणि उतरतांना जें कळलें नव्हतें तें कळूं लागलें. दर पन्नास पावलांवर आम्ही बसत होतों. दुपारचें ऊन कड्यावर तापलें होतें. अशा वेळीं खालून एक दहा-बारा वर्षांचा मुलगा पाठीस दप्तर लावून आणि हातांत एक गाठोडें घेऊन सहज पावलें टाकीत वर आला. तोरणमाळाच्या निवासी शाळेंत निघालों आहें, असें त्यानें सांगितलें. दिवाळीची सुट्टी संपून चार दिवस झाले होते, हें आम्हांला ठाऊक होतें. एकतीस वर्षांची संवय! “मग इतका उशीर कां?” हा प्रश्न अगदीं ओठांवर आला. सौभाग्यवतींनीं आमच्याकडे नुसतें पाहिलें आणि तो तेथेंच थांबला.

न विचारतांच मुलगा आपण होऊन सांगूं लागला. त्याचे आईबाप ऊसतोडणीसाठीं गुजराथेंत गेले. जाण्यापूर्वीं ज्वारीचें एक शेत कापायचें होतें. तें झालें, त्यांना वाटेला लावलें, धाकट्या बहिणीला आजीकडे सोडलें आणि मग तो निघाला. यांत त्याला विशेष कांहीं वाटत होतें असें दिसलें नाहीं. सौभाग्यवतींचा चेहरा पाहून त्यानें आपली पाण्याची बाटली पुढें केली, वर अजून दोन वळणें आहेत म्हणून धीर दिला, आणि तो झपझप पुढें गेला. दोन वळणें म्हणतां म्हणतां आम्हांला दोन तास लागले.

तेवढ्या दोन तासांत आम्हीं उभयतांनीं फार बोलणें केलें नाहीं. त्या वेळच्या आमच्या हजेरीपत्रकांत त्या नऊ दिवसांपुढें नऊ वेळां ‘गैरहजर’ असें लिहिलें आहे. तें खोटें नव्हतें. तो वर्गांत नव्हताच. परंतु तो कोठें होता, कोणतें काम उरकीत होता, कीं याच चढावर कोठें बसला होता, हें विचारण्याची इच्छा आम्हांला झाली नाहीं. कारण त्यानें दिलें होतें, तेंही चार शब्दांत. आम्हीं तें सबब म्हणून ऐकलें. तो आज चाळिशीचा गृहस्थ असेल. कोठें असेल, काय करीत असेल, याचा शोध घेण्यासारखें कांहीं आमच्या हातीं नाहीं. असतें तरी इतक्या वर्षांनीं त्याच्यापुढें जाऊन काय म्हणावें, हें आम्हांला सुचलें नसतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कोणी ना कोणी शिक्षक असेलच. त्यांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, निवृत्तीची वाट पाहूं नये. वर्षांतून एक रविवार एखाद्या मुलाच्या वाटेनें चालून पाहावें. गुडघे धड आहेत तोंवर.

माथ्यावर आलों तेव्हां सूर्य मावळला होता. यशवंत तलावाच्या कांठीं पांच मिनिटें बसलों. तीन दिवस याच जागेवरून आम्ही पाण्याचा रंग, धुकें आणि पांखरें यांविषयीं बोलत होतों, त्या संध्याकाळीं सौभाग्यवती फक्त गुडघा चोळीत म्हणाल्या, “त्याचें आमचूर फार चांगलें होतें हो.” अंधार पडल्यावर मुक्कामाच्या ठिकाणीं पोहोंचलों. रखवालदार कंदील घेऊन दाराशींच उभा होता. जेवण झांकून ठेवून तो आमच्याच काळजींत होता.

“फार उशीर केला, साहेब,” तो म्हणाला.

आम्ही एक क्षण थांबलों. मग म्हणालों, “वाट लांब होती.”

तो हंसला नाहीं. “हो, लांबच आहे ती,” असें म्हणून तो चहाचें आधण ठेवावयास आंत गेला.