शेवटची पंगत

माझ्या माहेरी जेवणाच्या तीन पंगती व्हायच्या. पहिली पुरुषांची, दुसरी पोरांची आणि तिसरी चुलीपुढच्या बायकांची. या तिसऱ्या पंगतीला धड ताटंही नसायची. कढईच्या तळाशी राहिलेलं कालवण, टोपल्यातली शेवटची भाकरी आणि पोरांनी टाकलेले तुकडे एवढ्यावर ती उरकायची. माण तालुक्यातल्या आमच्या गावात याला कुणी वेगळं नाव दिलं नव्हतं. १९७२च्या दुष्काळात आई खडी फोडायच्या कामावर होती. तांबड्या मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर तिनं ते दिवस काढले. त्यानंतर ताटात टाकलेला घास तिला बघवायचा नाही. ती तो उचलायची आणि स्वतःच्या तोंडात घालायची. पोट भरलंय की रिकामं आहे, हे त्यात कुठं यायचंच नाही.

लग्न होऊन मी थेरगावात आले तेव्हा डांगे चौकाच्या आसपास शेतं होती. घरातून कुणी ना कुणी आकुर्डीला, पिंपरीला, भोसरीला कंपनीत जायचं. आमच्याकडे हे एका कारखान्यात, थोरले दीर दुसऱ्या, आणि दोघांच्या शिफ्ट कधी जुळल्या नाहीत. फर्स्टवाल्याचा डबा पहाटे. नाईट करून आलेल्याला सकाळी गरम भाकरी. पोरांची शाळा, सासऱ्यांचं बाराचं जेवण, आणि सेकंड सुटून कंपनीची बस चौकात सोडायची ती मध्यरात्रीनंतर. चुलीची जागा गॅसनं घेतली होती, पण पंगती तीनाच्या सहा झाल्या आणि मी प्रत्येकीच्या शेवटी होते. दिवसभर मी जेवायला बसतच नव्हते आणि दिवसभर खातही होते. आमटीची चव बघताना घोटभर, पोराच्या डब्यात परत आलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या कडेचा भात, मध्यरात्री यांच्यासोबत बसून घेतलेले चार घास. किती खाल्लं हे मला कधी सांगता आलं नसतं, कारण माझ्या नावानं ताट वाढलेलंच नव्हतं. चतुर्थीला आणि एकादशीला तेवढं स्वतःसाठी म्हणून काही व्हायचं, ती साबुदाण्याची खिचडी.

या भागातल्या कितीतरी बायकांच्या अंगावरचं वजन असं शिफ्टच्या वेळापत्रकातून आलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे. त्याला खादाडपणा म्हणणाऱ्यांनी एकदा सेकंड शिफ्टच्या घरात महिनाभर राहून बघावं.

पुढे साखर वाढली, गुडघे बोलू लागले, रात्री झोपेत श्वास अडकू लागला. करोनाच्या आदल्या वर्षी माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं, स्लीव्हचं. जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी मागे ठेवतात. काढलेल्या भागातच घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक सगळ्यात जास्त तयार होतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधलं. जठर लहान होतं आणि भुकेची हाकही मंद होते, असा दुहेरी उपाय आहे हा. जठर लहान करणाऱ्या या शस्त्रक्रियांची सुरुवातही बायकांपासूनच झाली. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी पाहिलं, की अल्सरमुळे जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन उतरतं आणि पुन्हा सहजी चढत नाही. त्यावरून १९६६ साली त्यांनी गॅस्ट्रिक बायपास पुढे आणला.

ऑपरेशन तासा-दोन तासांत उरकलं. पहिले काही आठवडे पातळ पदार्थ, मग मऊ, मग हळूहळू घरचं. घरचं म्हटल्यावर प्रश्न आला तो तिसऱ्या पंगतीचा.

आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेलं ऐकायला सोपं होतं. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबून प्यायचं. घास छोटा, पिठासारखा होईपर्यंत चावायचा. मधे मधे तोंडात टाकणं बंद. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व हे आयुष्यभर, आणि लोह व कॅल्शियम एकाच वेळी नाही, दोहोंत दोन तासांचं अंतर. वर्षातून एकदा रक्त तपासणं, कितीही बरं वाटत असलं तरी. लोहाच्या गोळीवर चहा प्यायलात तर गोळी वाया.

हे सगळं पाळायचं तर बसावं लागतं. ताट वाढून, वेळ ठरवून, अर्धा तास कुणासाठी न उठता. एवढ्याशा जठरात वाटीभर अन्न मावतं. ती वाटी कढईच्या तळातल्या रश्शानं आणि भाताच्या खरवडीनं भरली, तर साठ ग्रॅम कुठून येणार? उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला हे ऑपरेशन झेपत नाही. तिचे केस मूठ मूठ गळतात, हात-पाय गळून जातात, आणि घरातले म्हणतात बारीक झाली, छान झालं.

म्हणून मी सगळ्यांच्या आधी जेवू लागले. सासूबाई तेव्हा होत्या. सून पहिल्यांदा ताट घेऊन बसली आणि मुलगा अजून यायचाय, हे त्यांना बघायला जड गेलं. त्या रागावल्या नाहीत, पण स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन बसल्या. काही दिवसांनी त्यांनीच मटकीला मोड आणून ठेवले आणि म्हणाल्या, "तुझं आधी काढून घे गं, मग त्यात मीठ-मसाला वाढवते." त्या वाक्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

ताटातही पंगती लागल्या. आधी उसळ, पिठलं, अंडं किंवा पनीर. मग भाजी. भाकरी आणि भात सगळ्यात शेवटी, जागा राहिली तर. लहानपणापासून भाकरी हेच जेवण आणि बाकी सगळं तोंडी लावणं असं शिकलेल्या हाताला हे उलटं वळण लावायला फार वेळ लागला. अजूनही लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढे आला की मी दोन्ही हात ताटावर धरते. आग्रह करणाऱ्याला वाईट वाटतं. त्याला मी सांगते, मला मठ्ठा नको, एक वाटी दाटसर वरण दे. बहुतेक जण आणूनही देतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल वाचलं तेव्हा मला आईची पंगत आठवली. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउथम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं बारकी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून राहिलेली. दिसायला हडकुळं आणि आतून चरबीचं, असं शरीर पुढे मधुमेहाकडे लवकर झुकतं. ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं मोठी होती, हेही त्याच अभ्यासात दिसलं. कोण कोणानंतर जेवतं हे तिथं मोजलेलं नव्हतं. पण दूध आणि फळ तिसऱ्या पंगतीपर्यंत पोचत नाही, हे मला कुणी मोजून दाखवायची गरज नाही. मी त्याच पंगतीतल्या बाईच्या पोटी जन्मले.

दुसऱ्या वर्षानंतर भूक परत आली. याची कल्पना आधी दिलेली असते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे थोडं परत येतंच. किती येऊ द्यायचं, हे जठरापेक्षा घराच्या रीतीवर ठरतं. मी सकाळी पवनेच्या काठानं केजुदेवी बंधाऱ्यापर्यंत चालते. जलपर्णीनं नदी भरली की वास येतो, तरी चालते. आल्यावर हातात वजन घेऊन थोडा व्यायाम, कारण नुसतं चालून स्नायू राहत नाहीत. मग नाश्ता, बसून.

सून हिंजवडीला जाते. ट्रॅफिकमधून नऊ वाजता घरी येते आणि फ्रिज उघडून उभ्यानंच खाते. तिच्या पोटावर कुणी शस्त्र चालवलेलं नाही, चालवायला लागूही नये. म्हणून तिचं ताट मी आधीच वाढून, झाकून ठेवते, आणि माझ्या मुलाला सांगितलंय, की गरम करून द्यायचं काम त्याचं. पोरांच्या ताटात उरलेलं आता कुणी खात नाही. पोरांना कमी वाढतो.

दवाखान्यात ऑपरेशन झालेल्यांची बैठक असते, तिला मी जाते. तिथला फॉर्म काय खाता, किती खाता, किती वाजता, हे सगळं विचारतो. कुणानंतर खाता, एवढंच विचारत नाही. ते विचारायला हवं, विशेषतः आमच्या भागात. मागच्या बैठकीत चाकणला नवऱ्याची नोकरी असलेली एक तरुण बाई आली होती. ऑपरेशनला चार महिने झालेले, केस गळत होते, रक्त कमी भरलं होतं. प्रोटीन पावडर बदलू का, असं ती विचारत होती. मी तिला विचारलं, घरात जेवायला कितव्यांदा बसतेस?

"सगळ्यांचं झालं की," ती म्हणाली.

मी तिच्या वहीचं मागचं पान उघडलं आणि आम्ही दोघींनी तिच्या घरच्या शिफ्ट लिहायला घेतल्या. नवरा, दीर, सासरे, शाळेची व्हॅन. सगळं मांडून झाल्यावर सकाळी सव्वादहाचा एक अर्धा तास सापडला, आणि संध्याकाळी सातचा एक.