अम्मीचा बधना

आम्ही इंजिनीअर झालो तेव्हा परभणीतल्या आमच्या मोहल्ल्याने त्याचा अर्थ एवढाच लावला की, आता बिघडलेला मिक्सर आणि बंद पडलेला पंखा दुकानात न्यायची गरज उरली नाही. सुट्टीत घरी आलो की बॅग खाली ठेवायच्या आत कुणी चाची, कुणी खाला काहीतरी घेऊन हजर. त्यांना काय सांगणार? चाकणच्या एका कारखान्यात मोटारसायकलच्या सुट्या भागांचे वजन कमी करणे, हे आमचे काम. मजबुती तीच ठेवायची आणि धातू कमी करायचा. एकदा आम्ही एका भागातून ४० ग्रॅम उतरवले, तर साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. हे ४० ग्रॅम वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे आम्हाला त्यांची लाज वाटायची आहे.

आमच्या घरी एक तांब्याचा बधना होता. दादीने लग्नात माहेरून आणलेला. बुटका, फुगीर पोटाचा, बाकदार तोटीचा. कल्हईवाला गल्लीत आला की त्याच्या पोटात चांदी उतरल्यासारखी वाटे. आमच्या लहानपणी नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचे. जिल्ह्यातून पूर्णा वाहते, जिंतूर तालुक्यात तिच्यावर येलदरीचे मोठे धरण आहे. पण आमच्या घरात पाणी यायचे ते अम्मीच्या कमरेवरून, घागरीने. म्हणून वुजूला एकच बधना, हा घरचा कायदा. कुणी दुसऱ्यांदा भरायला गेला की अब्बा विचारत, "क्या रे, नदी घर में आई क्या?"

इंजिनीअर झाल्यावर आम्ही या बधन्याकडे यंत्र म्हणून पाहिले, तेव्हा थक्क झालो. नळाची चावी ओल्या हाताने कोण सारखी फिरवत बसतो? कोपरापर्यंत हात चोळेपर्यंत, डोक्याचा मसह होईपर्यंत पाणी वाहतच राहते. बधना सरळ केला की धार बंद. ना वॉशर, ना गळती. तोटी निमुळती, त्यामुळे धार बारीक आणि हवी तिथेच पडणारी. एका सुट्टीत आम्ही बादली लावून मोजमाप केले. उघड्या नळावर आमच्या एका वुजूला ७ लिटर पाणी गेले, बधन्याने सव्वा लिटर. घरात चार माणसे, पाच वेळची नमाज. म्हणजे रोज ११५ लिटरचा फरक. अम्मीच्या जवळजवळ आठ घागरी! प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढे माप, पाऊण लिटरच्या आसपास. हे आम्ही लहानपणी मदरशात ऐकले होते. हिशोब मात्र बादली लावल्यावर कळला.

पण गंमत पाहा. हे सगळे मोजणारे आम्हीच, आणि बधना कोपऱ्यात ढकलणारेही आम्हीच. पगार वाढला तशी आम्ही बोअर घेतली, गच्चीवर टाकी चढवली, घरभर नळ फिरवले. बोअरचे पाणी मचूळ म्हणून पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्रही बसवले. हे यंत्र एक लिटर गोड पाणी देते आणि त्यासाठी दोन-तीन लिटर बाहेर फेकते. आम्ही ती नळी मोरीत सोडून दिली होती. अम्मीने आठवडाभर पाहिले आणि एक दिवस नळीखाली बादली ठेवली. त्या पाण्याने ती फरशी पुसायची, संडासात टाकायची. बधनाही तिने सोडला नाही.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा. आमचीही बोअर आटली, टँकर सुरू झाला. आम्ही घरी आलो तेव्हा आपाने बाजूला घेऊन सांगितले, "अम्मी बधना अर्धाच भरते. एका वुजूत दोनदा उठते." आम्हाला वाटले, पाण्याच्या काळजीने असेल. अम्मीला विचारले तर ती संकोचून म्हणाली, "नै रे बाबा. भरा हुआ उठता नै अब. पिलास्टिक का ला के दे ना, हल्का."

आम्ही हसून टाळले. म्हणालो, "अम्मी, दादीची निशाणी आहे. खानदानी चीज. त्याच्या जागी प्लास्टिक?"

तिसऱ्या दिवशी फजरच्या वेळी मोरीत मोठा आवाज झाला. बधना तिच्या हातून सुटून पायावर पडला होता. अंगठा काळानिळा. ती मात्र आधी बधन्याला पोचा आला का, ते बघत होती.

त्या सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन बधना काट्यावर ठेवला. रिकामा १ किलो ३०० ग्रॅम. दीड लिटर पाण्याने भरला की २ किलो ८०० ग्रॅम. शिवाय मूठ मागे आणि भार पुढे, म्हणजे सगळा पीळ मनगटावर. आणि मनगट कुणाचे? चाळीस वर्षे घागरी वाहिलेल्या, संधिवाताने सुजलेल्या बाईचे. तांबे पाण्याच्या जवळजवळ नऊ पट जड, बधन्याचे प्लास्टिक पाण्याहूनही किंचित हलके, हे आम्हाला तोंडपाठ होते. परक्याच्या मोटारसायकलवरून ४० ग्रॅम उतरवल्याबद्दल शाबासकी घेणाऱ्या आम्हाला आमच्या अम्मीच्या हातातला किलोभर तांब्याचा भार कधी दिसला नाही. तिने तोंडाने मागितला, तेव्हाही आम्ही तिला खानदान ऐकवले.

बाजारातून हिरवा प्लास्टिकचा बधना आणला. ३५ रुपये, १५० ग्रॅम. अम्मीने तो भरून उचलला, पुन्हा खाली ठेवला, पुन्हा उचलला. म्हणाली, "इत्ता सस्ता था तो पहले काय कू नै लाया?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्यानंतर आम्ही अशा साध्या वस्तूंकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आमच्याच गावात. 'परभणी क्रांती' ही भेंडी त्यानेच दिली. भेंडीची लव हाताला खाजते, हे तोडणाऱ्या बायकांनाच माहीत. त्याच विद्यापीठात भेंडी तोडायच्या हातमोज्यांसारख्या, शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या साध्या साधनांवरही काम झाले. वाणाची कीर्ती दूरवर गेली, हातमोज्याचे नाव कुणी घेत नाही. जयपूर फूटचेही तसेच. रामचंद्र शर्मा हे कारागीर, डॉ. प्रमोद करण सेठी हे शल्यविशारद. दोघांनी १९६० च्या दशकाअखेर रबराचा असा पाय घडवला की माणूस अनवाणी चालू शकतो, मांडी घालू शकतो, उकिडवा बसू शकतो. परदेशी पाय खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होता. आमच्याकडे माणूस जेवतो जमिनीवर आणि सजदाही करतो जमिनीवर.

एकच बाजू सांगणे बरे नाही. प्लास्टिकचा बधना उन्हाने दोन वर्षांत तडकला, दुसरा आणावा लागला. तांब्याचा साठ वर्षे टिकला आणि आजही शाबूत आहे. हलके, स्वस्त आणि टिकाऊ, तिन्ही एकदम क्वचितच मिळते. काय सोडायचे ते ठरवावे लागते. पण ते ज्याच्या हातात वस्तू आहे त्याला विचारून. आम्ही विचारले नव्हते.

अम्मी २०१९ मध्ये अल्लाहला प्यारी झाली. त्यानंतर आम्ही मोहल्ल्याच्या मशिदीत वुजूखान्याच्या नळांत बारीक छिद्राच्या चकत्या बसवायचे सुचवले. एका चकतीला दहा रुपयेसुद्धा पडत नाहीत. काही बुजुर्ग म्हणाले, "धार बारीक झाली तर वुजू कसा होईल?" आम्ही एकाच नळात बसवून दाखवली. बादली लावली तर सात लिटरचे साडेतीन झाले. आता सगळ्या नळांत आहेत.

तांब्याचा बधना आपाने कल्हई करून कपाटात ठेवला आहे. दुसरा हिरवा बधनाही तोटीपाशी चिरला आहे, तरी फेकवत नाही. गच्चीवरच्या मोगऱ्याला पाणी घालायला तोच घेतो. एका हाताने सहज उचलतो.