ड्रिलचे वय कोण मोजते?

जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात उभा करायचा, ही दंतरोपणाची शस्त्रक्रिया आता महानगरांत नित्याची झाली आहे. बंगळूरूच्या पूर्वेचे व्हाइटफील्ड त्याला अपवाद नाही. १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीवर जगणारी वसाहत म्हणून वसलेल्या या गावात आज सॉफ्टवेअर कंपन्यांचे मनोरे आहेत, दंतवैद्यक महाविद्यालय आहे आणि रस्तोरस्ती दंतचिकित्सालयांच्या पाट्या आहेत. तिथे येणारा रुग्ण इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, खर्च किती, हमी किती वर्षांची, हे सारे विचारतो. हाडात भोक पाडणारे ड्रिल याआधी किती वेळा वापरले गेले आहे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न स्वच्छतेचा नाही. ऑटोक्लेव्हमधील १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसची वाफ जंतूंचा निकाल लावते. पण निर्जंतुक झालेले ड्रिल धारदार असेलच असे नाही. उलट वाफ आणि क्षारजल यांच्या वारंवार संपर्काने पोलादी धारेची झीज वाढूही शकते.

धार बोथट झाली की काय होते, हे सुताराला पुस्तकाविना ठाऊक असते. धारदार गिरमिट लाकूड कापते. बोथट गिरमिट ते घासते, आणि भोकातून जळका वास येतो. हाडाचेही तसेच आहे. धार चांगली असेल तर हाताने लावलेले बल बरेचसे हाडाचा कीस सुटा करण्यात खर्च होते आणि निर्माण झालेली काही उष्णता त्या किसाबरोबरच बाहेर पडते. धार गेली की घर्षण वाढते, भोक पाडायला वेळ अधिक लागतो, आणि उष्णता भोकाच्या भिंतीत मुरते.

ती तिथून लवकर हलतही नाही. हाडाची उष्णतावाहकता पोलादाच्या मानाने कित्येक पट कमी आहे. सजीव हाडाची औष्णिक विसरणशीलता ढोबळमानाने ०.२ चौरस मिलिमीटर प्रतिसेकंद धरली, तर १० सेकंदांत उष्णता जेमतेम दीड मिलिमीटर आत पोहोचते. म्हणजे इम्प्लांटला ज्या पातळ थराशी एकजीव व्हायचे आहे, नेमका तोच थर तापलेला राहतो.

किती तापणे धोक्याचे? याचे उत्तर स्वीडनमधील गोथेनबर्ग येथून आले. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडातील टायटॅनियमचे उपकरण हाडाशी घट्ट जडलेले आढळले होते; १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्याच शहरात एरिक्सन आणि अल्ब्रेक्टसन यांनी सशाच्या जिवंत हाडाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले आणि १९८३ साली मर्यादा मांडली: सुमारे ४७ अंश सेल्सिअस, एक मिनिट. शरीराचे तापमान ३७ अंश. हातात उरतात अवघे दहा अंश.

झिजलेल्या ड्रिलचा पुरावा त्याहून जुना आहे. मॅथ्यूज आणि हर्श यांनी १९७२ साली मानवी हाडात ड्रिल चालवून तापमान मोजले. २०० हून अधिक भोके पाडलेल्या ड्रिलमुळे हाड नव्या ड्रिलपेक्षा बरेच अधिक तापले. पाण्याच्या धारेने ते थंड राखता येते, हेही त्यांनी दाखवले. म्हणूनच आज शस्त्रक्रियेत क्षारजलाची धार सोडतात, वेग मर्यादित ठेवतात आणि ड्रिल थांबून थांबून चालवतात. या काळजीने बराच धोका टळतो; बोथट धार मात्र पुन्हा तीक्ष्ण होत नाही.

अडचण अशी की भाजलेले हाड त्या दिवशी काहीच सांगत नाही. स्क्रू आटे धरून घट्ट बसतो, क्ष-किरण चित्र उत्तम दिसते. मेलेल्या पेशींचा थर शरीर पुढल्या काही आठवड्यांत शोषून घेऊ लागते, आणि त्या जागी नवे हाड वेळेत भरले नाही तर इम्प्लांट हलू लागते. मग धूम्रपान, मधुमेह, जंतुसंसर्ग ही कारणे तपासली जातात. ती खरीही असतात. पण ड्रिलच्या वापराची नोंदच नसेल, तर त्याचा वाटा किती हे कोणालाच सांगता येणार नाही.

नोंद म्हणजे तरी काय मोजायचे? केवळ रुग्ण मोजणे पुरेसे नाही. एका रुग्णाला एक इम्प्लांट लागते, दुसऱ्याला सहा. खालच्या जबड्याच्या पुढील भागातले हाड घट्ट असते, वरच्या जबड्याच्या मागील भागातले बहुधा सच्छिद्र. दोन्हींतली दहा भोके धार सारखीच झिजवणार नाहीत. शिवाय एकाच पेटीतली सगळी ड्रिल समवयस्क नसतात. सुमारे दोन मिलिमीटरचे पहिले ड्रिल जवळजवळ प्रत्येक भोकाला लागते, रुंद ड्रिल मोजक्या वेळी. पेटीची तारीख पाहून त्या पहिल्या ड्रिलचे वय कळत नाही.

पुनर्वापर हा गुन्हा नव्हे. अनेक ड्रिल त्यासाठीच घडवलेली असतात आणि उत्पादक त्याची मर्यादाही सांगतात. प्रत्येक रुग्णाला नवा संच वापरला तर खर्च रुग्णाच्याच माथी येईल. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ सालीच धातू कापणाऱ्या हत्याराचे आयुष्य गणिताने मांडले होते. कारखान्यात हत्यार बोथट झाले तर वाया जाणारा तुकडा भंगारात टाकता येतो. जबड्याच्या बाबतीत ती सोय नाही.

व्हाइटफील्डमध्ये संगणक-प्रणालीतल्या प्रत्येक ओळीच्या बदलाची नोंद ठेवणारे हजारो अभियंते राहतात. प्रत्येक ड्रिलमागे एक ओळ, तीत तारीख, भोकांची संख्या आणि हाडाचा प्रकार, एवढी वही ठेवायला कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही. दंतवैद्यकाच्या आणि भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मिळून करावे असे हे काम आहे. आणि रुग्णानेही पुढच्या वेळी, खर्चाच्या प्रश्नानंतर, हा एक प्रश्न जरूर विचारावा.