काळ्यातून खरवडलेला उजेड

जॉन मार्टिनची टिंगल करणं सोपं आहे. कोसळणारे कडे, विजा, मैलभर पसरलेले महाल. चार्ल्स लॅम्बसारख्या चोखंदळ माणसाने त्याच्या बेलशाझरच्या मेजवानीच्या चित्राला नाक मुरडलं होतं, आणि त्यात तथ्य नव्हतं असं मलाही म्हणवत नाही. तरी त्याचं एक चित्र मी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा काढून बघते: नरकातल्या सभेत सिंहासनावर बसलेला सैतान.

मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’साठी सेप्टिमस प्राउएट या लंडनच्या प्रकाशकाने मार्टिनकडून 24 चित्रं करून घेतली, तीही दोन आकारांत. 1825 ते 1827 या काळात ती भागाभागाने निघाली. त्यातलं मोठं चित्रसुद्धा साधारण 8 इंच बाय 11 इंच, फुलस्केपपेक्षा लहान. एवढ्याशा कागदावर मध्ये एक प्रचंड काळा गोल, त्याच्या माथ्यावर सैतान, आणि भोवती गोलाकार चढत गेलेल्या पायऱ्यांवर ठिपक्यांएवढी डोकी. रोमँटिक कवींनी सैतानाला नायक केलं. मार्टिनने त्याला इतका लहान केला की सभागृहच त्याच्यावर मात करतं.

तंत्र मेझोटिंटचं. इथे सुरुवात रेषेपासून होत नाही. रॉकर नावाचं दातेरी, कमानदार धारेचं हत्यार पत्र्यावर डोलवत न्यायचं. उभं, आडवं, तिरपं, पुन्हा उलट तिरपं, सगळा पत्रा खरखरीत होईपर्यंत. तेव्हा शाई भरून छाप घेतला तर कागदावर फक्त मखमली काळा उमटतो. चित्र त्यानंतर सुरू होतं. उजेड हवा तिथली खरखर खरवडायची, लख्ख पांढरं हवं तिथे घासून गुळगुळीत करायचं. मार्टिनने हे तांब्याऐवजी पोलादावर केलं, आणि रचनाही थेट पत्र्यावरच केली. तांब्यावरची नाजूक खरखर थोड्याच छापांत दबते. पोलाद पुष्कळ टिकतं, पण खरवडणाऱ्या हाताला ते सहज वश होत नाही.

आंधळ्या कवीच्या काव्याला हेच तंत्र शोभतं, असं मला बरीच वर्षं वाटे. मिल्टनची दृष्टी 1652च्या सुमारास पूर्ण गेली. हे महाकाव्य त्याने तोंडी सांगून लिहवून घेतलं. आधी अंधार, मग त्यातून एकेक आकृती. पण 1654 साली लेओनार्द फिलारास या ग्रीक स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात मिल्टन सांगतो की डोळ्यांपुढचा आपला अंधार काळ्यापेक्षा पांढऱ्याकडे झुकणारा आहे. हे वाचून मी दचकले, कारण काचबिंदूने दृष्टी गेल्यावर अण्णा अगदी तेच सांगायचे. “काळं कुठलं गं? धुकं आहे नुसतं. पावसाळ्यातल्या माथेरानसारखं.”

म्हणजे मार्टिनचा काळा हा आंधळ्याचा काळा नव्हे. तो डोळस माणसाच्या भीतीचा आहे. दिवा विझेल, मग काय, ही भीती ज्याला अजून दिसतं त्यालाच पडते. मला ती अण्णांच्या डोळ्यांत थेंब घालताना रोज पडायची, त्यांना नाही. त्यामुळे हे चित्र मला कमी आवडू लागलं असं मात्र झालं नाही. उलट त्या पायऱ्यांवरचा एकेक ठिपका कोणीतरी खरवडून बाहेर काढलाय, हे आता जास्त जाणवतं.

अण्णांना मी ते एकदा तोंडी सांगितलं होतं.

“सैतान केवढा?” त्यांनी विचारलं.

“अंगठ्याच्या पेराएवढा.”

ते हसले, आणि त्या गोलाच्या खाली कोण बसलंय ते विचारू लागले.