गाडी विकणें आहे

जुनी गाडी ओळखीच्या माणसास विकूं नये, असें व्यवहारचतुर मंडळी सांगतात. कारण गाडीबरोबर ओळखही जाते. आम्ही गेल्या पावसाळ्यांत हें पथ्य मोडण्याच्या बेतांत होतों. त्या प्रसंगानें आमचेंच एक जुनें पाप आम्हांस दाखविलें, म्हणून तो येथें सांगत आहों.

गाडी सन २००७ ची मित्सुबिशी लान्सर; कुळानें जपानी, बांधणी मात्र तामिळनाडूंतील तिरुवल्लूरची. चिरंजीवांनीं ती २०१० सालीं सोलापुरांतच जुनी घेतली. त्यांची नोकरी फिरतीची, पत्ता कायमचा नाहीं. म्हणून नोंदणी आमच्या नांवें झाली. फिनलंडच्या टॉमी मॅकिनेन यानें १९९६ ते १९९९ अशीं लागोपाठ चार वर्षें रॅलीचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें, तें लान्सरच्याच शर्यतीच्या अवतारांत. चिरंजीवांस त्याचें वेड. त्यांनीं गाडीच्या पाठीवर पंख बसविला, स्प्रिंगा बदलून तिला जमिनीलगत आणली, आणि रुंद तोंडाचा सायलेन्सर लावला. गाडी गल्लींत शिरली कीं शेजारचें तान्हें मूल दचकून उठे.

२०२२ सालीं नोंदणीचीं पंधरा वर्षें भरलीं. तपासणीपुरते मूळचे भाग चढले. पुढील पांच वर्षांचें प्रमाणपत्र घेऊन गाडी घरीं आली आणि दुसऱ्याच दिवशीं सर्व पूर्ववत् झालें. आम्हीं जन्मभर मुलांच्या वह्यांतील नक्कल पकडली. त्या दिवशीं मात्र उघड्या डोळ्यांनीं पाहिलें आणि वर्तमानपत्र पुढें धरलें.

पुढें चिरंजीव कॅनडास गेले. "बाबा, आतां विकून टाका," म्हणाले. मध्यें दलाल नको, म्हणून आम्हीं चार ठिकाणीं शब्द टाकला. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा आला, वय बावीस. त्यानें यंत्र पाहिलें नाहीं, कागद पाहिले नाहींत. नुसता आवाज ऐकला आणि १,८०,००० रुपये कबूल केले. जातांना म्हणाला, "गुरुजी, नांव सध्यां तुमचेंच राहूं द्या. दिवाळीनंतर बदलून घेऊं."

त्या रात्रीं झोप लागली नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं निर्णय दिला आहे कीं, नोंदणींत ज्याचें नांव तोच कायद्यानें मालक. गाडी मध्यंतरीं कितीही हात फिरली, तरी अपघाताच्या नुकसानभरपाईंतून त्याची सुटका नाहीं. परंतु आमच्या मनांत पैशाहून दुसरीच गोष्ट सलत होती. त्या मुलाच्या हातून कांहीं विपरीत घडलें, तर तें आमच्या नांवावर घडेल, आणि आम्हीं दिलेल्या गाडीनें घडेल.

बदलांचेंही तसेंच. मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें निर्मात्याच्या मूळ रचनेंत मालकास परस्पर बदल करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तें स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें प्रत्येक बेकायदा बदलास ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आली. म्हणजे आम्ही त्या मुलास गाडीबरोबर गुन्हाही विकत होतों.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, तिसऱ्या अधिकरणांत, खरेदीविक्रीनंतरच्या पश्चात्तापाविषयीं स्वतंत्र अध्याय आहे. रोगी जनावर निरोगी म्हणून विकणाऱ्यास तेथें बारा पण दंड सांगितला असून, चतुष्पाद परत करण्यास तीन पंधरवड्यांची मुदत दिली आहे. हा अध्याय आम्हीं अनेकदां वाचला होता. परंतु आपल्या अंगणांतही एक चतुष्पाद उभें आहे, हें तोंवर सुचलें नव्हतें.

सकाळीं माळ्यावरून मूळचा सायलेन्सर आणि स्प्रिंगा काढल्या. कारागिरास दोन दिवस लागले. मग एका कागदावर गाडीचे दोष लिहिले : २०१३ सालीं मोहोळजवळ दुभाजकास घासून डावी बाजू दुरुस्त केलेली, क्लच थकलेला, ही गाडी आतां निघत नसल्यानें सुटे भाग मिळण्यास त्रास. तो कागद त्या मुलाच्या हातीं देऊन सांगितलें, "बाळ, नांव त्याच दिवशीं बदलावें लागेल." त्यानें गाडी सुरू केली, क्षणभर ऐकलें आणि म्हणाला, "गुरुजी, मग हिच्यांत राहिलें काय?" तो पुनः आला नाहीं.

दीड महिन्यानें बार्शीचे एक शिक्षक आले. त्यांनीं दोषांचा कागद दोनदां वाचला आणि १,१५,००० रुपये देऊं केले. त्याच दिवशीं २९ व ३० क्रमांकांच्या अर्जांवर उभयतांच्या सह्या झाल्या. विक्रेत्यानें हस्तांतर चौदा दिवसांच्या आंत कळवावयाचें असतें. आम्हीं तिसऱ्याच दिवशीं कळविलें, आणि नवीन नांव चढल्याचें डोळ्यांनीं पाहूनच स्वस्थ झालों.

६५,००० रुपये गेले. सौभाग्यवती म्हणाल्या, "२०२२ सालींच बोलला असतां, तर फुकट झालें असतें." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

चिरंजीवांस दूरध्वनीवर सर्व हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाबा, माझा सायलेन्सर तरी ठेवला आहे ना?"

ठेवला आहे, माळ्यावर, मूळच्या सायलेन्सरच्या जागीं. तो विकणें नाहीं.