रविवार सोडून कुठलाही वार

तर मंडळी, गेले तीन वीकएंड माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी आहे. नाव : 'नॅशनल पार्क फायनल ३'. ऑफिसमध्ये सहा जणांच्या टीमचं प्लॅनिंग मी करतो. पण आई-बाबांना घेऊन बदलापूरहून बोरिवलीला जाऊन यायचं, एवढं साधं काम काही केल्या शीटमध्ये बसेना.

झालं असं की मागच्या महिन्यात बाबांना उल्हासनगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. निघाला काचबिंदू. यात गेलेली नजर परत येत नाही, रोज औषधाचे थेंब टाकून उरलेली टिकवायची. समोरचं दिसत राहतं, बाजूचं हळूहळू जातं. बाबा हल्ली फलाटावर लोकांना का धडकतात, ते मला तेव्हा कळलं. मी आपला "बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?" म्हणून ओरडत होतो.

येताना रिक्षात बाबा गप्प होते. अंबरनाथ मागे पडल्यावर म्हणाले, "आठवीत आमची सहल कान्हेरीला गेली होती. परत एकदा बघायचं राहूनच गेलं बघ."

बाबांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, फिटर म्हणून. लहानपणी मी विचारायचो, "नॅशनल पार्कला कधी जायचं?" उत्तर ठरलेलं, "पुढच्या रविवारी." तो रविवार बहुतेक वेळा ओव्हरटाइममध्ये जायचा. आता प्रश्न त्यांचा होता आणि मी म्हणालो, "जाऊ ना बाबा, एवढं रिलीज झालं की." बोलून गेल्यावर लक्षात आलं, हे वाक्य आपण आधी कुठे ऐकलंय ते!

असो. घरी आल्या आल्या शीट उघडली.

प्लॅन एक, रविवार. पहाटेची लोकल, दादरला पूल चढून वेस्टर्नला, नऊला पार्कच्या दारात. मग कान्हेरी, सफारी, बोटिंग, रात्री जेवायला घरी. कागदावर एकदम झकास. पण रविवारी मेगाब्लॉकची टांगती तलवार, आणि अख्ख्या मुंबईला सुट्टी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरपेक्षा थोडं मोठं आहे. गर्दी जंगलात नसतेच मुळी! आपण बहुतेक सगळे एकाच दिवशी, एकाच दाराने, एकाच रस्त्यावर जातो, म्हणून ती होते. कान्हेरी त्या दारापासून सहाएक किलोमीटर आत. म्हणजे तिकिटाची रांग, आत जायच्या गाडीची रांग, आणि वर दगडी पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी धावणारी पोरं. बाजूचं न दिसणाऱ्या माणसाला तिथे न्यायचं? बाद.

प्लॅन दोन, सोमवार. सोमवारी पार्क बंद असतं. (हे मला अर्धी शीट भरून झाल्यावर कळलं. रिक्वायरमेंट आधी वाचावी, हे मी ज्युनियरना शिकवतो.)

प्लॅन तीन, मंगळवार. पार्क मोकळं, पण ट्रेन? सकाळची बदलापूर लोकल तुम्हाला माहीत आहेच. बसायला मिळावं म्हणून अंबरनाथची मंडळी आधी उलटी बदलापूरला येतात. त्या डब्यात बाबांना चढवायचं आणि संध्याकाळी तसंच परत आणायचं? बाद.

मी डोकं धरून बसलो होतो. बाबा चहा घेऊन आले, शीट काय आहे ते विचारलं आणि म्हणाले, "अरे, पण जायचं-यायचं एकाच दिवशी कशाला? तुझी आत्या दहिसरला काय उगाच राहते?"

अख्खं डिझाइन एका वाक्यात बदललं. सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराची लोकल, तेव्हा सगळे आरामात बसून जातात. ठाण्याला उतरून घोडबंदर रोडने बस, म्हणजे दादरची चेंगराचेंगरी नाही. मुक्काम आत्याकडे. मंगळवारी पार्क उघडलं की आत, फक्त कान्हेरी, आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत घरी. सफारी आणि बोटिंगवर मी स्वतः लाल रंग मारला.

या घोडबंदर रोडची एक गंमत आहे. ठाण्याहून जाताना डावीकडे पार्कचे डोंगर आणि उजवीकडे खाडी. आपल्या बदलापूरवरून वाहणारी उल्हास नदी त्याच खाडीतून समुद्राला मिळते. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या शंभरावर किलोमीटर चालत या पार्कपर्यंत आला, तो वाटेत ही वसईची खाडी पोहून. गळ्यातल्या कॉलरमुळे विद्या अत्रेय आणि वन विभागाला त्याची वाट कळली. पुढे २०११ मध्ये महामार्गावर वाहनाची धडक बसून तो गेला. तो चालायचा मुख्यतः रात्री, माणसं झोपल्यावर. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे गर्दी टाळायची अक्कल त्याला होती."

कान्हेरीत नक्की काय बघायचंय, असं मी विचारलं. मला वाटलं, चैत्य किंवा बुद्धाच्या उंच मूर्ती. बाबा म्हणाले, "पाणी." इथे शंभरावर लेणी आहेत, आणि लेण्यांजवळ कातळात पाण्याची टाकी. डोंगरावर पडलेला पाऊस दगडात कोरलेल्या पन्हळींतून त्या टाक्यांत यायचा. "ना पाइप, ना पंप. नुसता उतार काढलाय. तेव्हा बघून डोकं चाललं नव्हतं. आता फिटर म्हणून बघायचंय."

डिग्री माझ्याकडे आहे, पण हे बघायचं मला सुचलं नसतं.

उरला दीड दिवसाच्या रजेचा मेल. रिलीज त्याच आठवड्यात आहे. कारणाच्या जागी आधी 'पर्सनल वर्क' लिहिलं, मग खोडलं. लिहिलं, 'वडिलांची नजर कमी होतेय, त्याआधी त्यांना कान्हेरी दाखवायची आहे.' सेंड दाबताना हात थोडा थरथरला, खोटं कशाला बोलू? वीस मिनिटांनी उत्तर आलं, "जाऊन ये. मंगळवारचं मी बघतो."

आईने पोह्यांचा चिवडा करायला घेतलाय. बाबांनी माळ्यावरून कॅनव्हासचे बूट काढून उन्हात ठेवलेत. निघायला अजून आठ दिवस आहेत!